शिसे सोडायला लागलेली सव्वाशे वर्षे

१८९४ साली अमेरिकेतल्या ‘फॉरेस्ट अँड स्ट्रीम’ या साप्ताहिकात बदकांना होणाऱ्या शिशाच्या विषबाधेवर मजकूर छापून आला. साप्ताहिक शिकाऱ्यांचे होते आणि त्याचे संपादक जॉर्ज बर्ड ग्रिनेल स्वतः मुरलेले शिकारी होते. पाणथळ जागी वर्षानुवर्षे झाडलेले छर्रे गाळात साचतात. खाल्लेले दाणे भरडण्यासाठी बदक जे बारीक खडे गिळते, त्यांच्याबरोबर हे छर्रेही त्याच्या पोटात जातात. तिथे ते झिजतात, शिसे रक्तात उतरते आणि पक्षी हळूहळू खंगून मरतो. एवढे सगळे त्या काळी शिकाऱ्यांच्याच पत्रात, शिकाऱ्यानेच सांगून ठेवले होते. तरीही पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे अमेरिकाभर बंद व्हायला १९९१ साल उजाडले. मधल्या ९७ वर्षांचा हिशेब मांडताना अज्ञान आणि बंदूक-उद्योगाचा स्वार्थ ही दोन कारणे हमखास पुढे येतात. पहिले खरे नाही. दुसरे खरे आहे, पण अपुरे आहे. शिकारीचा बार दलदलीत, रानात, डोंगरकपारीत उडतो आणि तिथे त्या क्षणी ना फौजदार हजर असतो ना शास्त्रज्ञ. काडतूस कोणते भरायचे हे शेवटी एकटा माणूस ठरवतो. म्हणून ही कथा विज्ञानाच्या किंवा कायद्याच्या विजयाची म्हणून वाचली तर फसगत होते. शिकारी कोणाचे ऐकतो, केव्हा ऐकतो आणि त्याने ऐकावे म्हणून कोणी किती मेहनत घेतली, यावर ती प्रत्येक देशात वेगवेगळी घडली आहे.

शिसे बंदुकीत येऊन बसले ते उगाच नाही. ते जड आहे, मऊ आहे, स्वस्त आहे आणि सव्वातीनशे अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, म्हणजे घरच्या चुलीवरही त्याच्या गोळ्या ओतता येतात. जडपणामुळे लहानशा छर्ऱ्यातही लांबवर जाण्याचा जोर राहतो आणि मऊपणामुळे बंदुकीच्या नळीला इजा होत नाही. १७८२ साली ब्रिस्टलच्या विल्यम वॉट्सने वितळलेले शिसे चाळणीतून उंचावरून सोडून गोल छर्रे पाडण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. मग युरोप-अमेरिकेत छर्रे पाडायचे उंच मनोरे उभे राहिले आणि छर्रा ही कवडीमोल वस्तू झाली. एका काडतुसात शेकडो छर्रे असतात. त्यातले मोजके पक्ष्याला लागतात, बाकीचे पाण्यात पडतात. ज्या धातूने तीन-चार शतके बिनतक्रार काम केले, तो बदला असे सांगणाऱ्याकडे शिकारी संशयाने पाहणार, यात नवल नाही. त्यातून सांगणारा जर शिकारीलाच नाक मुरडणारा असेल, तर ऐकून घेण्याचाही प्रश्न उरत नाही.

पुरावा मात्र साचत राहिला. अलेक्झांडर वेटमोर या पक्षिशास्त्रज्ञाने यूटामधल्या पाणथळींवर काम करून १९१९ मध्ये सरकारी अहवाल दिला. छर्रे खाऊ घातलेली बदके कशी मरतात, हे त्याने प्रयोग करून दाखवले होते. फ्रँक बेलरोजने इलिनॉयमधून १९५९ मध्ये मोठा अभ्यास प्रसिद्ध केला आणि पाणपक्ष्यांपैकी दरवर्षी सुमारे दोन ते तीन टक्के या विषबाधेने मरत असावेत असा अंदाज मांडला. टक्केवारी लहान दिसते, पण कोट्यवधी पक्ष्यांच्या देशात तिचा अर्थ लाखोंच्या घरात जातो. १९७०च्या दशकात सरकारने काही क्षेत्रांपुरते पोलादी छर्रे सक्तीचे केले तेव्हा खरा विरोध उसळला. पोलाद शिशापेक्षा हलके आणि कठीण असल्याने त्यावरचे आक्षेप निव्वळ हट्टाचे नव्हते. सुरुवातीची पोलादी काडतुसे खरोखरच कमअस्सल होती आणि जुन्या बंदुकांच्या नळ्यांना त्यांचा धोका होता. पक्षी जागीच न मरता जखमी होऊन उडून जातील, ही भीतीही शिकाऱ्याच्या नीतीतूनच आलेली होती. प्रकरण इतके तापले की १९७८ मध्ये अलास्काचे सिनेटर टेड स्टीव्हन्स यांनी अर्थसंकल्पाला दुरुस्ती जोडली आणि राज्यांच्या संमतीशिवाय हा नियम अमलात आणायला पैसे खर्च करता येणार नाहीत अशी तजवीज केली. कायदा कागदावर होता आणि त्याचे हात बांधलेले होते.

मग १९९१ कसे उजाडले? इथे एक गोष्ट सहज नजरेआड होते. सरकारला न्यायालयात खेचणाऱ्या नॅशनल वाइल्डलाइफ फेडरेशनच्या सभासदांत आणि संलग्न संस्थांत शिकाऱ्यांचा भरणा मोठा होता. खटल्याचा आधार होता राष्ट्रीय पक्षी, पांढऱ्या डोक्याचा गरुड. शिशाने दुबळी झालेली बदके खाऊन तो मरत होता. अमेरिकी शिकाऱ्यांत ही परंपरा जुनी आहे. ग्रिनेल यांनी १८८७ मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांच्या साथीने बून अँड क्रॉकेट क्लब काढला, तो शिकाऱ्यांचाच होता. १९३४ पासून बदकांच्या शिकाऱ्याला तिकीट विकत घ्यावे लागते आणि त्या पैशांतून पाणथळी राखल्या जातात. १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका-काडतुसांवरचा कर थेट वन्यजीव खात्यांकडे वळवला. ‘रान आम्ही राखतो’ हे शिकाऱ्याचे म्हणणे त्यामुळे पोकळ नाही, त्याला पावतीचा आधार आहे. शिशाचा प्रश्न याच अभिमानाशी जोडला गेला तेव्हा वाद हलला. दरम्यान कारखान्यांनी चांगली पोलादी काडतुसे बनवली आणि टप्प्याटप्प्याने वाढत गेलेल्या क्षेत्रांमुळे हाताला सवय झाली. शेवटचे आडमुठे कायद्याने वळवले हे मान्य करायला हवे, पण कायदा आला तेव्हा वाट बरीचशी मळलेली होती. मिसिसिपीच्या स्थलांतरमार्गावरच्या मॅलार्ड बदकांची १९९६-९७ मध्ये तपासणी झाली. बंदीमुळे विषबाधेचे मृत्यू सुमारे ६४ टक्क्यांनी घटले आणि १९९७ या एका वर्षात सुमारे १४ लाख बदके वाचली, असा अभ्यासकांचा अंदाज आला. जखमी पक्ष्यांची भीतीही फार काळ टिकली नाही. टेक्सासमध्ये पुढे होल्यांच्या शिकारीवर चाचणी घेतली गेली. काडतुसात काय आहे हे शिकाऱ्यालाही ठाऊक नव्हते आणि निरीक्षकालाही. शिसे आणि पोलाद यांच्या मारात फरक दिसला नाही आणि आपण काय झाडतो आहोत हे शिकाऱ्यांना ओळखताही आले नाही.

बदकांचा प्रश्न छर्ऱ्यांचा होता. रायफलच्या गोळीचा प्रश्न याहून अवघड निघाला, कारण गोळी हरणाच्या अंगात जाते आणि तिथेच राहते असा सगळ्यांचा समज होता. हरीण मारल्यावर शिकारी ते जागेवरच साफ करतो, मांस घेऊन जातो आणि आतडी-कोथळा रानात टाकून येतो. कॅलिफोर्निया कॉन्डर हे पंख पसरल्यावर जवळपास तीन मीटर भरणारे अमेरिकी गिधाड अशाच अवशेषांवर पोसते. १९८२ मध्ये जगात त्याचे २२ पक्षी उरले होते. १९८७ च्या एप्रिलमध्ये शेवटचा रानटी पक्षीही पकडून पिंजऱ्यात घेतला गेला, तेव्हा एकूण संख्या २७ होती. पैदास करून १९९२ पासून कॅलिफोर्नियात आणि १९९६ पासून ॲरिझोनातल्या व्हर्मिलियन क्लिफ्सवरून ते पुन्हा सोडले गेले, आणि सोडलेले पक्षी शिशाने मरू लागले. कॉन्डरची मादी साधारण दोन वर्षांत एक अंडे घालते आणि पिल्लू वयात यायला सहा ते आठ वर्षे लागतात, त्यामुळे एकेका प्रौढ पक्ष्याचा मृत्यू महागात पडतो. शिसे कुठून येते यावर वाद होता. कोणी जुन्या रंगांकडे बोट दाखवले, कोणी खाणींकडे. २००६ मध्ये दोन कामे प्रसिद्ध झाली. एकात पक्ष्यांच्या रक्तातल्या शिशाची समस्थानिके काडतुसांतल्या शिशाशी जुळली. दुसऱ्यात मारलेल्या हरणांचे एक्स-रे काढले गेले आणि शिशाच्या गोळीने मेलेल्या बहुतेक हरणांच्या अवशेषांत गोळीचे बारीक कण पसरलेले दिसले, काहींत तर शंभराहून जास्त. गिधाडाच्या पोटातले आम्ल हे कण विरघळवायला पुरेसे तीव्र असते. मुद्दाम सांगायला हवे की ही कामे करणाऱ्यांत पेरेग्रीन फंडची माणसे होती. ही ससाणे पाळून शिकार करणाऱ्यांच्या वर्तुळातून उभी राहिलेली संस्था आहे, तिच्यावर शिकारविरोधाचा शिक्का मारणे सोपे नव्हते.

याच पुराव्यावर दोन शेजारी राज्यांनी दोन वाटा धरल्या. कॅलिफोर्नियाने २००७ मध्ये कायदा केला आणि २००८ पासून कॉन्डरच्या टापूत मोठ्या शिकारीसाठी शिशाच्या गोळ्या बंद केल्या. हा कायदा होताना राज्याच्या मासे-शिकार आयोगाचे सदस्य जड हॅना यांना राजीनामा द्यावा लागला. ते शिकारी आणि रिपब्लिकन, पण शिशाविरुद्धचा पुरावा त्यांनी सहकाऱ्यांपुढे ठेवला आणि त्यांच्याच पक्षाचे आमदार त्यांच्यावर उलटले. आतला माणूस बोलू लागला की बंदूकवाल्या संघटनांना तो बाहेरच्या टीकाकारापेक्षा जास्त का झोंबतो, हे त्या प्रसंगावरून उमगते. ॲरिझोनाला कायद्याची वाट जवळजवळ बंदच होती. तिथे पक्षी सोडताना स्थानिकांना वचन दिले होते की या पक्ष्यामुळे शिकारीवर निर्बंध येणार नाहीत. मग राज्याच्या वन्यजीव खात्याने २००५ पासून ग्रँड कॅन्यनच्या उत्तरेकडल्या कायबाब पठारावर शिकारीचा परवाना मिळालेल्या माणसाला तांब्याच्या गोळ्या फुकट द्यायला सुरुवात केली. सोबत पत्र आणि एक्स-रेची चित्रे. ज्याला शिसेच वापरायचे असेल त्याने निदान आतडी-कोथळा उचलून आणावा, आणणाऱ्यासाठी बक्षिसांची सोडत. ऐकायला हे काहीसे हास्यास्पद वाटते, पण दोन-तीन वर्षांत सहभाग ८० ते ९० टक्क्यांवर गेला. तांब्याची गोळी तेव्हा नवी नव्हती. यूटातल्या बार्न्स कंपनीने ती १९८०च्या दशकातच बाजारात आणली होती, आणि तीही पक्ष्यांसाठी नव्हे, तर मोठ्या जनावरात खोल जाणारी, न फुटणारी गोळी हवी म्हणून. शिकाऱ्याला ती त्याच्याच निकषावर पटू शकत होती.

यावर आक्षेप येतो तो रास्त आहे. मनवळवणी एवढी गुणकारी, तर ॲरिझोनातले कॉन्डर आजही शिशाने का मरतात? आणि कायदा एवढा निरुपयोगी, तर कॅलिफोर्नियात सोनेरी गरुडांच्या रक्तातले शिसे २००८च्या बंदीनंतर घटलेले कसे आढळले? दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. ॲरिझोनाचे पक्षी उडत उडत यूटात चरायला गेले आणि तिथे गोळ्यावाटप काही वर्षे उशिरा सुरू झाले. त्यापलीकडे कॉन्डरच्या जेवणाचा हिशेबच निर्दय आहे. हे पक्षी मिळून खातात आणि वर्षभरात कितीतरी मृत जनावरांवर उतरतात. त्यातले अगदी थोडे जरी विषारी असले, तरी कधी ना कधी प्रत्येक पक्षी त्यावर बसतोच. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने हेच दाखवले. पक्षी पकडून रक्त तपासणे आणि शिसे उतरवणारी औषधे टोचणे थांबवले, तर कॉन्डर पुन्हा नामशेष होण्याकडे जातील. म्हणजे शंभरात ९० शिकाऱ्यांनी ऐकणे पुरत नाही, जवळजवळ सगळ्यांनीच ऐकावे लागते. हा आक्षेप माझ्या म्हणण्याला छेद देत नाही, उलट त्याला धार आणतो. वाटेत दुकानदाराकडे जे मिळेल ते काडतूस घेणारे बहुसंख्य लोक कायद्याने वळतात. उरलेला शेवटचा वाटा एकट्याने रानात जाणाऱ्यांचा असतो आणि तिथे दंडाचा धाक पोचत नाही.

ज्यांना हे अजून पटत नाही त्यांनी ब्रिटनकडे पाहावे, कारण तिथे कायदा आणि वचन दोन्ही आलटून पालटून फसले. इंग्लंडने १९९९ मध्ये पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे बंद केले. नंतरच्या वर्षांत बाजारातून विकत घेतलेली बदके तपासली, तर सुमारे ७० टक्के बेकायदा शिशानेच मारलेली निघाली. पकडले जाण्याची शक्यता नगण्य होती आणि शिसे घातक आहे हेच अनेकांना मान्य नव्हते. मग २०२० मध्ये शिकार आणि ग्रामीण जीवनाशी निगडित नऊ संघटनांनी स्वतःहून जाहीर केले की पाच वर्षांत आपण शिसे सोडू. पहिल्या हंगामानंतर दुकानांतल्या फेझंट पक्ष्यांतून काढलेल्या छर्ऱ्यांची तपासणी झाली, तेव्हा ९९ टक्क्यांहून जास्त पक्षी शिशाने मारलेले होते, आणि पुढच्या हंगामांतही आकडा ९०च्या वरच राहिला. संघटनांनी वचन दिले, पण ते पाळायचे कोणी आणि कसे, यासाठी कायबाबसारखे कष्ट कोणी घेतले नाहीत. लंडनमधल्या पत्रकाने यॉर्कशायरच्या रानातला हात बदलत नाही. अखेर २०२५ मध्ये सरकारने टप्प्याटप्प्याने बंदी जाहीर केली. नॉर्वेची गोष्ट याहून बोलकी. तिथे २००५ पासून शिशाचे छर्रे बंद होते, पण शिकाऱ्यांचा राग मावळला नाही आणि २०१५ मध्ये संसदेने पाणथळींबाहेर ते पुन्हा खुले केले. दहा वर्षे जुना कायदा मतदानाने मागे गेला. शेजारच्या डेन्मार्कने १९९६ मध्ये शिशाचे छर्रे सर्वत्र बंद केले तेव्हा तिथेही कुरबुर होती, पण शिकाऱ्यांच्या संघटनेने नव्या काडतुसांचे शिक्षण अंगावर घेतले. नंतरच्या तपासण्यांत शिशाने मारलेले पक्षी फारच थोडे सापडले, आणि १ एप्रिल २०२४ पासून रायफलच्या शिशाच्या गोळ्याही तिथे बंद झाल्या.

शिकाऱ्यांच्या बाजूने आणखी दोन हरकती घेतल्या जातात आणि त्या टाळून पुढे जाणे योग्य नाही. पहिली अशी, की गरुड-बदकांची संख्या तर वाढते आहे, मग थोड्या पक्ष्यांच्या मृत्यूचा एवढा बाऊ कशाला? २०२२ मध्ये अमेरिकेच्या ३८ राज्यांतल्या १,२१० गरुडांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जवळपास निम्म्या पक्ष्यांच्या हाडांत दीर्घकाळ साचलेल्या शिशाच्या खुणा होत्या आणि त्यामुळे पांढऱ्या डोक्याच्या गरुडांच्या वाढीचा दर सुमारे चार टक्क्यांनी, सोनेरी गरुडांचा सुमारे एका टक्क्याने दबलेला होता. पांढऱ्या डोक्याच्या गरुडाला हा भार सोसतो, सोनेरी गरुडाची संख्या मुळात जेमतेम टिकून असल्याने त्याला एक टक्काही जड जातो. दुसरी हरकत राजकीय आहे: आज शिसे, उद्या काडतूस, परवा बंदूक. ती खोडून काढणे अवघड, कारण शिशाविरुद्ध बोलणाऱ्या काही संस्थांना खरोखरच शिकार बंद झालेली हवी आहे. ओबामा प्रशासनाने जाता जाता, १९ जानेवारी २०१७ रोजी, संघराज्याच्या अभयारण्यांत शिसे हळूहळू बंद करण्याचा आदेश काढला आणि दीड महिन्याच्या आत नव्या मंत्र्यांनी तो रद्द केला. असा निरोपाच्या दिवशी काढलेला आदेश शिकाऱ्याच्या संशयाला खतपाणीच घालतो. उलट २००८ मध्ये नॉर्थ डकोटात गरिबांना दान दिलेल्या हरणाच्या मांसात शिशाचे कण सापडले, तेव्हा मुद्दा थेट घरापर्यंत पोचला. स्वतः मारून आणलेले मांस आपण लेकराच्या ताटात वाढतो, त्यात शिसे असू शकते, हे कळल्यावर अनेकांनी आदेशाची वाट न पाहता गोळी बदलली. दराचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे. चांगल्या प्रतीच्या शिशाच्या गोळ्यांशी तुलना केली तर तांबे फार महाग पडत नाही, पण स्वस्तातली काडतुसे घेणाऱ्याला पडते, आणि जुन्या किंवा लहान मापाच्या बंदुकांसाठी ते मिळणेही कठीण. २००५ मध्ये ॲरिझोनाने गोळ्या फुकट वाटल्या त्या याच कारणाने.

भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर अशा शिकारीला जागा उरली नाही, त्यामुळे हा प्रश्न आपला नाही असे वाटू शकते. पण आपली गिधाडे गेली तीही मेलेल्या जनावराच्या मांसातून पोटात गेलेल्या विषानेच, आणि ते विष देणाऱ्यांच्या मनातही गिधाड मारण्याचा हेतू नव्हता. जनावरांना दुखण्यावर दिलेले डायक्लोफेनॅक गिधाडांची मूत्रपिंडे निकामी करते हे २००४ मध्ये सिद्ध झाले आणि २००६ मध्ये त्याचा पशुवैद्यकीय वापर बंद झाला. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यांत जातच राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये बाटलीचे मापच लहान करावे लागले. मेलॉक्सिकॅम हे सुरक्षित औषध उपलब्ध होते. ते गावच्या औषधदुकानात ठेवले जाणे आणि बैल कण्हत असताना डॉक्टरने तेच टोचणे हे वेगळे काम होते, आणि त्यासाठी दिल्लीतली अधिसूचना पुरली नाही. कायबाबच्या पठारावर आणि मराठवाड्यातल्या गोठ्यात अडचण एकच होती, हातातली वस्तू बदलणारा माणूस एकटा असतो.

२०१८ मध्ये पेरेग्रीन फंड, ऑरेगन प्राणिसंग्रहालय आणि वन्यजीव अभ्यासाची एक संस्था यांनी मिळून नॉर्थ अमेरिकन नॉन-लेड पार्टनरशिप सुरू केली. तिचे काम कायदे मागणे नाही. तिची माणसे शिकाऱ्यांच्या मेळाव्यांत जातात, पाण्याच्या पिंपांत दोन्ही प्रकारच्या गोळ्या झाडतात आणि बाहेर काढून तळहातावर ठेवतात: तांब्याची फुलासारखी उमलून अखंड राहिलेली, शिशाची तुकडे होऊन विखुरलेली. कॅलिफोर्नियाच्या उत्तरेला युरोक या आदिवासी समाजाने कॉन्डर परत आणायचे ठरवले तेव्हाही पक्षी नंतर आले. आधी कितीतरी वर्षे त्यांच्यातल्याच शिकाऱ्यांनी गावोगाव जाऊन तांब्याच्या गोळ्यांचे प्रात्यक्षिक दिले. पहिले पक्षी २०२२ मध्ये आकाशात सोडले. तोवर कॅलिफोर्नियात शिकारीतले सर्व प्रकारचे शिसे १ जुलै २०१९ पासून कायद्यानेच बंद होते, आणि असे करणारे ते अमेरिकेतले पहिले राज्य होते. तरीही २०२५च्या सुरुवातीला त्या थव्यातले दीड वर्षाचे एक कॉन्डर शिशाच्या विषबाधेने मेले. युरोक समाजाचे वन्यजीव खाते तेव्हापासून एअरगनच्या शिशाच्या छर्ऱ्यांबद्दलही शिकाऱ्यांशी बोलू लागले आहे.